रक्ताचा दाखला

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात 'दाखला' या शब्दाला जे वजन आहे, ते शहरातील वाचकाला सहजी कळणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि या साऱ्यावर कळस म्हणजे पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या उगमाकडील खोऱ्यांत राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर किंवा कातकरी कुटुंबातील मुलगा वा मुलगी बारावी होऊन पुढे शिकू लागली, की आजोबा-पणजोबांचे नाव कोणत्या दप्तरात कसे लिहिले गेले आहे याचा शोध सुरू होतो. एखाद्या जुन्या रजिस्टरात गुरुजींनी 'महादेव कोळी' असे न लिहिता नुसते 'कोळी' लिहिले असेल, तर त्या गाळलेल्या एका शब्दाची किंमत तिसऱ्या पिढीतील नातवाला मोजावी लागते. उलट, ज्यांचा या डोंगरांशी काडीचा संबंध नाही अशांनी याच नावाखाली राखीव जागा पटकावल्या, ही येथील आदिवासींची जुनी आणि खरी तक्रार आहे.

अशा कोंडीत सापडलेल्या माणसाच्या मनात एक विचार येणे स्वाभाविक आहे. विज्ञान एवढे पुढे गेले आहे; रक्ताच्या थेंबावरून बापाची ओळख पटते; मग कागदपत्रांचा हा जाच कशाला? रक्तच तपासावे आणि खरा आदिवासी कोण, तोतया कोण, हे एकदाचे ठरवून टाकावे. चळवळीतील प्रामाणिक माणसालाही हा मार्ग सरळ आणि न्याय्य वाटण्याचा संभव आहे. म्हणूनच गेल्या शंभर वर्षांत रक्ताच्या अभ्यासातून नेमके काय हाती आले आहे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

आधी कायद्याची बाजू पाहू. राज्यघटनेनुसार 1950 साली अनुसूचित जमातींची यादी निघाली, तेव्हा महाराष्ट्रातील काही जमातींना प्रदेशाची अट होती. ठाकर जमातीची पुणे जिल्ह्यातील नोंद आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ आणि मुळशी या तालुक्यांपुरतीच मर्यादित होती. 1976 च्या कायद्याने ही क्षेत्रबंधने उठली. ते योग्यच झाले, कारण नदी ओलांडून शेजारच्या तालुक्यात गेलेला माणूस आदिवासी राहत नाही, हे कोणत्या न्यायात बसते? पण बंधने उठताच नामसाधर्म्याचा फायदा घेणाऱ्यांनाही दार मोकळे झाले. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची जी पद्धत घालून दिली, ते प्रकरण 'महादेव कोळी' असल्याच्या दाव्याचेच होते. अर्जदाराला जमातीचे देव, चालीरीती, लग्नविधी, अंत्यविधी माहीत आहेत की नाहीत, याची चौकशी तेव्हापासून रूढ झाली. हीच आप्तभाव चाचणी. 2017 साली न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळालेल्या नोकरीला संरक्षण नाकारले. 2019 च्या डिसेंबरात राज्य शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर घेतले, आणि रिक्त होणाऱ्या साडेबारा हजार पदांचा प्रश्न आदिवासी तरुणांच्या तोंडी बसला. पुढे 24 मार्च 2023 रोजी ठाकूर जमातीच्या एका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. शिकल्यासवरल्या, शहरात वाढलेल्या मुलाला आजीचे विधी सांगता आले नाहीत म्हणून तो परका ठरत नाही.

म्हणजे चालीरीतींची कसोटी डळमळीत झाली आणि कागदांची कसोटी अपुरी आहे. या पोकळीत रक्त शिरू पाहील, अशी भीती आहे.

रक्तावरून माणसांचे गट पाडण्याचा पहिला मोठा प्रयत्न पहिल्या महायुद्धात झाला. लुडविक आणि हान्ना हिर्सफेल्ड या डॉक्टर दांपत्याने सालोनिका येथील छावणीत, जेथे अनेक देशांचे सैनिक एकत्र आले होते, हजारो सैनिकांचे रक्तगट तपासले आणि 1919 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत हिंदी सैनिकांमध्ये 'बी' गटाचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले, तर पश्चिम युरोपियनांत 'ए' गटाचे. प्रत्येक समूहात सगळे गट होते. फरक होता तो प्रमाणाचा. एवढी साधी गोष्ट जर्मनीतील काही पंडितांना मानवली नाही. त्यांनी 1926 साली रक्तगट संशोधनाची संस्था काढली आणि 'बी' गट हे पूर्वेकडील हीन वंशाचे लक्षण ठरविण्याचा खटाटोप आरंभला. ज्यू कुळात जन्मलेले हिर्सफेल्ड स्वतः पुढे वॉर्साच्या घेट्टोत डांबले गेले. त्यांच्याच शोधाची ही विटंबना त्यांना पाहावी लागली.

रक्तगटांची चिन्हे ही तांबड्या पेशींवरील शर्करायुक्त रेणूंची असतात. रक्तातील प्रथिनांचे वैविध्य उलगडले ते त्यानंतर. 1955 साली ऑलिव्हर स्मिथीज यांनी स्टार्चच्या थरातून वीजप्रवाह सोडून रक्तद्रवातील प्रथिने एकमेकांपासून वेगळी करण्याची युक्ती शोधली. या थरात प्रत्येक प्रथिन आपल्या विद्युत्भारानुसार आणि आकारमानानुसार कमीअधिक अंतर सरकते व पट्ट्यांच्या रूपाने दिसते. एकाच प्रथिनाच्या पट्ट्या वेगवेगळ्या माणसांत वेगळ्या ठिकाणी दिसल्या आणि हा फरक आईबापांकडून वारशाने येतो हे सिद्ध झाले. फुटलेल्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन उचलून नेणारे हॅप्टोग्लोबिन, लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन, 'ड' जीवनसत्त्व वाहणारे जी.सी. प्रथिन अशी अनेक चिन्हे त्यानंतरच्या दोन दशकांत अभ्यासकांच्या हाती आली. महाराष्ट्रातही के. सी. मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने पुष्कळ काम केले. राज्यातील नऊ अंतर्विवाही समूहांच्या रक्तचिन्हांचा त्यांचा अभ्यास 1979 साली प्रसिद्ध झाला.

आता हॅप्टोग्लोबिनचेच उदाहरण घेऊ. त्याची मुख्य जनुके दोन: एक व दोन क्रमांकाची. युरोपात एक क्रमांकाच्या जनुकाचे प्रमाण सुमारे चाळीस टक्के, पश्चिम आफ्रिकेत त्याहून बरेच अधिक, तर भारतात बहुतेक ठिकाणी दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी. फरक मोठा आहे आणि तो खरा आहे. पण त्यातून एका माणसाविषयी काय कळते? भारतात दहापैकी सहा ते आठ माणसांच्या रक्तात दोन्ही जनुके दोन क्रमांकाचीच असणार. हाच प्रकार मंचरच्या अडत्यात सापडेल, नारायणगावच्या टोमॅटो बागायतदारात सापडेल आणि आहुप्याच्या महादेव कोळ्यातही सापडेल. युरोपियन माणसातही तो दुर्मीळ नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाचा आकडा पाहून डिंभ्याच्या पाण्यात जमीन गेलेल्या कुटुंबाचे उत्पन्न सांगता येत नाही. सरासरी ही समूहाची असते; व्यक्तीला ती लागू करू गेले की फसगत होते.

या साऱ्याचा हिशेब 1972 साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी मांडला. ते मार्क्सवादी विचारांचे होते, परंतु त्यांचा निबंध टिकला तो आकड्यांच्या बळावर. रक्तगट, रक्तद्रवातील प्रथिने आणि पेशींतील एन्झाइमे अशा सतरा आनुवंशिक चिन्हांची जगभरची उपलब्ध माहिती त्यांनी एकत्र केली आणि विचारले, मानवजातीतील एकंदर वैविध्यापैकी किती वैविध्य कोठे आहे? उत्तर आले ते असे: 85.4 टक्के एकाच समूहाच्या आत, 8.3 टक्के एकाच तथाकथित वंशातील निरनिराळ्या समूहांमध्ये, आणि वंशावंशांमध्ये अवघे 6.3 टक्के. म्हणजे एकाच वाडीतील दोन शेजारी एकमेकांपासून जेवढे भिन्न असू शकतात, त्यात दूरच्या खंडातील माणूस आणल्याने फारशी भर पडत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी 2003 साली दाखवून दिले, की एकेक चिन्ह कुचकामी असले तरी अनेक चिन्हे एकत्र घेतली तर माणसाचे पूर्वज कोणत्या खंडातील याचा अंदाज बराच बरोबर येतो. हे खरे आहे. आजच्या चाचण्या हजारो चिन्हे तपासतात. पण आंबेगावचा प्रश्न खंडांचा नाही. येथे वेगळे करायचे आहेत ते महादेव कोळी आणि त्यांचे शेजारी, आणि हे शेजार शतकानुशतकांचे आहे. 2009 साली हैदराबादच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह केलेल्या मोठ्या अभ्यासात दिसले, की भारतातील बहुतेक सर्व जाती-जमाती दोन प्राचीन पूर्वजसमूहांच्या निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणातून झाल्या आहेत. प्रमाण चढत-उतरत जाते. मध्येच कोठे भिंत उभी नाही. ती उभी करायची तर कोणीतरी माणसानेच रेघ ओढली पाहिजे. मग शास्त्राच्या नावाने निर्णय कारकुनाचाच झाला.

शुद्ध रक्ताची भाषा तर जुन्नरात मुळीच शोभत नाही. नाणेघाटातून कोकण आणि देश यांच्यामध्ये सातवाहनांच्या काळापासून वाहतूक चालू होती. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत स्वतःला यवन म्हणविणारे तिघे आहेत आणि क्षत्रप नहपानाचा अमात्य अयमही आहे. निजामशाहीचा प्रारंभ पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथूनच झाला, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी काही काळ येथूनच कारभार हाकला. ज्या बाजारपेठेत इतक्या दिशांची माणसे आली, राहिली आणि मिसळली, तेथे कोणत्या घराण्याने आपल्या रक्ताची ग्वाही द्यावी?

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील विषमता वंशाप्रमाणे बदलते काय, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. तसा संबंध आढळत नाही, असे त्यांनी त्या संस्थेत बसून लिहिले. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून शरीरमापे घेतली, आणि मल्होत्रांसमवेत 1968 साली येथील आठ ब्राह्मण पोटजातींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच पायरीवरच्या, एकच नाव लावणाऱ्या या जाती जैविक दृष्ट्या एकजिनसी नाहीत, असा त्याचा रोख होता. जे ब्राह्मणांना लागू ते कोळ्यांना का लागू नसावे? नाव एक असले म्हणून मूळ एक असत नाही, आणि नाव वेगळे असले म्हणून मूळ वेगळे असत नाही. हे मान्य केले, की महादेव कोळ्यांची कैफियत रक्ताच्या एकजिनसीपणावर उभी करण्याचे कारणच उरत नाही. ती उभी आहे इतिहासावर. जंगल गेले, इनामे आणि वतने गेली, सावकारीत जमीन गेली. स्वातंत्र्यानंतर डिंभे, माणिकडोह, वडज अशी धरणे याच खोऱ्यांत बांधली गेली; जुने आंबेगाव पाण्याखाली गेले आणि पाणी पूर्वेकडच्या उसाला गेले. भीमाशंकरचे अभयारण्य 1985 साली झाले, त्याचेही ओझे याच गावांवर पडले. आरक्षण हा या वंचनेवरचा अपुरा उतारा आहे. कोणत्याही प्रथिनात त्याचा पुरावा सापडणार नाही, कारण तो तेथे कधी नव्हताच.

मग या शास्त्राचा आदिवासींना उपयोग नाही काय? फार मोठा उपयोग आहे, पण तो दवाखान्यात. रक्तातील सर्वांत परिचित प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. हा सिकल सेल. 1949 साली पॉलिंग यांनी हा रेणूचाच आजार असल्याचे दाखविले, पुढे सातआठ वर्षांत इन्ग्रॅम यांनी नेमका बदल हुडकला. हा दोष एका पालकाकडून आला तर माणूस वाहक होतो, सहसा आजारी पडत नाही आणि हिवतापाच्या घातक रूपापासून त्याचे काही अंशी रक्षणही होते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत तो टिकला. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

भारतात त्याचा पहिला बोभाटा 1952 साली निलगिरीतील आदिवासींमुळे झाला आणि 'हा आदिवासींचा रोग' असे नाव त्याला चिकटले. नाव चुकीचे आहे. 1958 साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील जी नोंद केली, तीत दलित समाज ठळकपणे होता. विदर्भात इतर मागासवर्गीयांतही हा दोष आढळतो. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांच्यात वाहकांचे प्रमाण वीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत जाते, पण महाराष्ट्रातल्याच काही जमातींत ते शून्याच्या जवळ आहे. आजाराचा मुख्य पट्टा विदर्भ आणि सातपुडा हा आहे. सह्याद्रीचा हा भाग त्यात मोडत नाही. तेव्हा ज्याच्या रक्तात हे हिमोग्लोबिन नाही तो आदिवासी नव्हे, असे म्हणणे जितके हास्यास्पद, तितकेच ज्याच्यात आहे तो आदिवासीच, असे म्हणणे. आंध्रातील वैश्य समाजात रक्तद्रवातील एका एन्झाइमचा दोष इतरांपेक्षा अधिक आढळतो. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्याचे एक नेहमीचे औषध दिले, तर मिनिटांत उतरणारा परिणाम तासन् तास राहतो. भूल देणाऱ्याने हे जाणलेच पाहिजे. पण त्या चाचणीवरून कोणी वैश्यपणाचा दाखला मागत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात मात्र हिमोग्लोबिनचा खरा प्रश्न निराळाच आहे. ते कोणत्या प्रकारचे हे आईबापांकडून येते. ते किती, हे बव्हंशी चुलीवर ठरते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयाने पीडित आढळल्या, आणि हा आकडा साऱ्या राज्याचा आहे. भात, नाचणी, वरई पावसाळ्यानंतर जेमतेम काही महिने पुरायची, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा आणि उरलेला काळ नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभे राहायचे, अशा कुटुंबातील बाईच्या रक्तात लोह कोठून येणार? येथे वारशाने येते ती गरिबी. तिची चाचणी करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित ती कोणी करीत नाही.

1 जुलै 2023 रोजी सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी करून प्रत्येकाला त्याच्या स्थितीचे कार्ड द्यावयाचे, असा तिचा संकल्प आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांच्यासारख्यांनी या आजाराकडे सरकारचे लक्ष जावे म्हणून आयुष्य वेचले आहे. परंतु पत्रिकेप्रमाणे कार्ड जुळवून लग्ने ठरविण्याचा जो उपदेश होतो, त्याबाबत सावध राहावे लागेल. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या भागात काही दशकांपूर्वी अशीच तपासणी झाली. वाहक ठरलेल्यांना लग्नाच्या बाजारात कमी लेखले गेले, अनेकांनी आपली स्थिती लपविली, आणि वाहकांची आपसांतील लग्ने काही कमी झाली नाहीत. आपल्याकडे अशा कार्डाचा भार मुलीवर पडेल, मुलावर नव्हे, हे सांगायला ज्योतिषी नको. समुपदेशन करणारी प्रशिक्षित व्यक्ती, गर्भावस्थेत तपासणीची सोय, आणि रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयात नियमित मिळणारे हायड्रॉक्सीयुरिया एवढे जेथे नाही, तेथे नुसते कार्ड हा एक नवा डाग ठरेल.

दुसरी सावधगिरी नमुन्यांची. 2022 साली वांशिक शुद्धता शोधण्यासाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालय जनुकीय यंत्रसामग्री घेत असल्याची बातमी आली. मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी असल्याचे सांगितले. तरी शंभरावर शास्त्रज्ञ आणि अभ्यासकांनी जाहीर पत्र लिहून अशा कल्पनेचाच निषेध केला. एकदा रक्त घेतले, की ते कोठल्या कामी येईल याचा भरवसा देता येत नाही. अमेरिकेतील हवासुपाई जमातीने 1990 पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी ॲरिझोना राज्य विद्यापीठाला रक्त दिले. त्याच नमुन्यांवर त्यांना न विचारता मनोविकार आणि त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर यांचे संशोधन झाले. जमात न्यायालयात गेली, 2010 साली तडजोड झाली, सात लाख डॉलर भरपाई मिळाली आणि उरलेले रक्त त्यांच्या स्वाधीन करण्यात आले.

जुन्नर आणि आंबेगावची पश्चिमेकडील गावे पाचव्या अनुसूचीत आहेत. 1996 चा पेसा कायदा तेथे लागू आहे आणि ग्रामसभेला शब्द आहे. आश्रमशाळेत किंवा उपकेंद्रात रक्त घेणारे पथक आले, की कार्यकर्त्यांनी विरोधाचा झेंडा घेऊन पुढे जाऊ नये; तपासणी होऊ द्यावी. पण तत्पूर्वी ग्रामसभेत चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत: नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जाणार, तपासणीनंतर तो नष्ट होणार की साठविला जाणार, निकाल घरच्यांखेरीज आणखी कोणाकडे जाणार, आणि त्याचा जातपडताळणीच्या कामाशी कोणत्याही प्रकारे संबंध येणार काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आले पाहिजे, आणि ते घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाच्या शिक्क्यानिशी ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहिले पाहिजे.